कोंडलेला साप व बांधावरचा साप

महसूल खात्याच्या कारकुनीत आमची बत्तीस वर्षे गेली. त्या खात्यात पीकपाहणी म्हणून एक काम असते. कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे, किती क्षेत्र पडीक आहे, हे शेतावर जाऊन पाहावयाचे व मग उताऱ्यावर लिहावयाचे, असा नियम आहे. अलीकडे शेतकरी स्वतःच ही पाहणी मोबाइलवर नोंदवितो. परंतु आमच्या उमेदीच्या काळात चावडीत बसून, गेल्या सालचा उतारा समोर ठेवून, नव्या सालाचे रकाने भरले गेल्याची उदाहरणे आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्यांपायी भावाभावांत लागलेले तंटेही ठाऊक आहेत.

सापांविषयी लिहावयाचे असता आरंभी पीकपाहणीचे नाव काढले, याचे कारण असे की, सापांविषयी आपणां शेतकरी लोकांत जे ज्ञान चालत आले आहे, त्यातील पुष्कळसे चावडीत भरलेल्या रकान्यांसारखे आहे. ते गारुड्याच्या टोपलीतला, घागरीतला किंवा पिंपात कोंडलेला साप पाहून झालेले आहे. शेतावर जाऊन, त्याला त्याच्या मर्जीने वागू देऊन, दुरून पाहून झालेले नाही. ही चूक आम्हीही केली. ती कशी झाली व पुढे कशी सुधारली, हे येथे सांगतो.

आमचे राहणे उरण तालुक्यात, द्रोणागिरीच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. जुन्या दप्तरात उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा म्हणून लागलेला आढळतो. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास करंजाची खाडी, मध्ये खारीची भातशेती व मिठागरे, अशी ही भूमी. १९७० पासून नव्या मुंबईसाठी येथील जमिनींचे संपादन सुरू झाले. १९८९ साली न्हावा-शेवा येथील बंदर चालू झाले. आणि आता द्रोणागिरी याच नावाची वसाहतही उभी राहिली आहे. खाचरात भराव पडला म्हणजे बिळे बुजतात व त्यांत राहणारा साप पडवीत, गोठ्यात किंवा इमारतीच्या जिन्याखाली येतो. म्हणून साप ओळखण्याची व समजून घेण्याची गरज पूर्वीपेक्षा आज अधिक आहे.

पिंपातील धामण

तीन वर्षांपूर्वी भाद्रपद महिन्यात, आमच्या भाजीच्या वाफ्याभोवती लावलेल्या नायलॉनच्या जाळ्यात एक धामण अडकली. लांबी चार हातांस थोडी कमी. जाळे अंगात रुतून एके ठिकाणी कातडी सोलली होती. आम्ही व आमच्या पुतण्याने कात्रीने जाळे कापून तिला सोडविले व झाकणाच्या पिंपात ठेवले. वन खात्यास कळविणे हे आमचे पहिले कर्तव्य होते. परंतु खरे सांगावयाचे तर त्यात आम्ही एक दिवस दवडला. शेजारची शाळेतील मुले पाहावयास येत होती, आणि चार मुले भोवती जमली म्हणजे आपल्यालाही काही समजते असे वाटू लागते.

त्या मुक्कामात आम्ही काय केले, ते क्रमाने सांगतो. ऊब मिळावी म्हणून पिंप अंगणात उन्हात ठेवले. दर अर्ध्या तासाने झाकण काढून मुलांस दाखविले. वाटीभर दूध आत सरकविले. सायंकाळी तिने अर्धवट पचलेला उंदीर बाहेर टाकला, तेव्हा ती आजारी आहे असे ठरविले. झाकण काढताच ती मान उंचावून फुत्कारे, आणि एरवी तोंडाने पिंपाच्या भिंतीस ढुसण्या देत राही. त्याने तिच्या नाकाशी रक्त आले. मुलांपैकी एकाने वहीत लिहून घेतले : ‘धामण चिडखोर असते. तिला दूध आवडते. तिला अन्न पचत नाही.’ ते आम्ही वाचले व बरोबर आहे म्हणून सांगितले.

दुसऱ्या दिवशी कळविल्यावर वन खात्याचा कर्मचारी व त्याच्याबरोबर एक तरुण सर्पमित्र आला. त्याने पिंपात डोकावून पाहिले, आणि आम्हांस काही न विचारता ते उचलून सावलीत नेले, आत एक ओले गोणपाट टाकले, उथळ थाळीत पाणी ठेवले आणि झाकण लावले.

“आता कोणी उघडू नका,” तो म्हणाला.

अर्ध्या तासाने त्याने हळूच फट करून दाखविले. धामण गोणपाटाखाली वेटोळे करून निश्चल पडली होती.

“काका, ही चिडखोर नाही, घाबरलेली होती,” तो म्हणाला. “दूध प्यायली ती तहानेने. उंदीर टाकला तो भीतीने. पोट भरलेले असताना साप हाताळला की तो भक्ष्य ओकून टाकतो. तुम्ही हिला पिंपात पाहिलीत. आता बांधावर पाहा.”

जखम वरवरची आहे असे पाहून त्याच सायंकाळी तिला आमच्याच बांधाशी सोडण्यात आले. ती वळून पाहिल्यावाचून दगडांच्या फटीत गेली. मुलाच्या वहीतील तीनही वाक्ये खोटी होती, आणि ती खरी म्हणून आम्ही सांगितली होती. या गोष्टीची आम्हांस लाज वाटली.

बांधावरील पाहणी

सातबाराच्या उताऱ्यावर पोटखराबा म्हणून एक नोंद असते. खडक, ओघळ, दगडांची रास, अशी जी जमीन पिकाखाली येत नाही व जिच्यावर आकारणी होत नाही, ती त्यात धरतात. बत्तीस वर्षे हा शब्द लिहिला, परंतु त्या जमिनीत कोण राहते हे पाहावयास आम्ही गेलो नव्हतो. त्या वर्षी आश्विनापासून भाताची कापणी होईपर्यंत, आणि पुढील वर्षी पावसाळ्याच्या तोंडी, आम्ही वीस हात दूर बसून, एक वही घेऊन, आमचा बांध व त्याच्या शेजारचा पोटखराबा पाहिला. धामणी अनेकदा दिसल्या. सोडलेली धामण त्यांत होती की नाही, ते सांगता येणार नाही.

पहिली गोष्ट उन्हाची. साप, सरडे, कासवे हे प्राणी आपल्या शरीरात आपल्याप्रमाणे उष्णता निर्माण करून ती राखीत नाहीत. ती बाहेरून घेतात. धामण ही दिवसा वावरणारी. सकाळी ऊन चढू लागले की ती बांधावर अंग पसरी; कडक झाले की सावलीत किंवा बिळात शिरे. ऊन कधी सोडावयाचे हे ती स्वतः ठरवी. आम्ही तिला पिंपात घालून उन्हात ठेवले तेव्हा ऊब दिली असे आम्हांस वाटले. वस्तुतः आम्ही तिची सावली काढून घेतली होती. असा कोंडलेला साप थोड्या वेळात उष्णतेने मरू शकतो.

दुसरी गोष्ट भक्ष्याची. धामण जीभ आतबाहेर करीत बांधातील एकेक बीळ तपासीत जाई. जिभेने हवेतील गंधाचे कण टिपून ते टाळूतील एका इंद्रियाकडे नेले जातात. त्यावरून उंदीर कोठे गेला हे तिला कळते. उंदीर गिळल्यावर ती दिसेनाशी होई आणि पुढे काही दिवस त्या बाजूस दिसत नसे. पचनास ऊब व स्वस्थता लागते. कोंडलेल्या सापाने खाल्ले नाही म्हणजे तो आजारी, आणि रोज खाऊ घातले म्हणजे त्याची सेवा झाली, असे नव्हे.

येथे खारीच्या शेतकऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समुद्राच्या बाजूचा बांध उंदीर, घुशी व खेकडे पोखरतात. उधाणात तेथेच खांड पडते. खारे पाणी आत शिरले की ते वर्ष तर जातेच, पण जमीन पुन्हा गोडी होण्यास पुढील पावसाळे खर्ची पडतात. अशा बांधावर विनावेतन फिरणारी धामण मारणे म्हणजे आपणच उघाडी मोकळी सोडणे होय.

तिसरी गोष्ट कातीची. एके दिवशी दगडांत एक धामण दिसली, तिच्या डोळ्यांवर दुधी निळसर झाक होती. कात टाकण्यापूर्वी जुन्या व नव्या कातडीमध्ये द्रव येतो व डोळ्यांवरील पारदर्शक पापुद्राही धुरकट होतो. तेव्हा सापास नीट दिसत नाही. म्हणून तो लपतो, शिकार करीत नाही व डिवचल्यास लवकर उसळतो. पुढे डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि खडबडीत दगडास तोंड घासून तो कात उलटी सोडवीत निघून जातो. गुळगुळीत पिंपात दगड नाही की ओलावा नाही. तेथे कातीचे तुकडे अंगास चिकटून राहतात, आणि पाहणारा म्हणतो, सापास रोग झाला.

चौथी गोष्ट झुंजीची. पावसाळ्याच्या तोंडी दोन धामणी एकमेकींस पीळ घालून, माना उंचावून, बराच वेळ झुंजताना आम्ही पाहिल्या. यास आपल्याकडे ‘जुगण’ म्हणतात आणि त्यातला एक नाग व दुसरी धामण असे समजतात. वस्तुतः ते दोन्ही धामण जातीचे नर असतात. एकमेकांस खाली दाबण्याची ती झटापट असते. हरलेला निघून जातो. नागाची मादी नागीणच. धामणीची जात निराळी.

टोपलीने शिकविलेले खोटे धडे

एवढे पाहिल्यावर आमच्या लहानपणी पाहिलेला गारुड्याचा नाग आम्हांस पुन्हा आठवला. त्या खेळाने आपल्या कित्येक पिढ्यांस तीन धडे दिले : नाग दूध पितो, नाग पुंगीवर डोलतो, नाग सदा फणा काढून असतो.

दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न आहे. सापास ते पचत नाही. नागपंचमीपूर्वी दिवसच्या दिवस तहानेला ठेवलेला नाग समोर येईल तो द्रव पितो, इतकेच. त्या दुधाने व बळजबरीने तोंड उघडण्याने पुष्कळ नाग पुढे मरत. पुंगीविषयी म्हणाल, तर सापास बाहेरचा कान नाही. जमिनीची कंपने व काही खालचे स्वर त्याला जाणवतात, पण तो डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीवर व हातावर नजर ठेवण्यासाठी. आणि फणा ही धोक्याची सूचना आहे. शेतातला नाग माणसाची चाहूल लागताच आधी निघून जातो. वाट उरली नाही तरच फणा काढतो. यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की, टोपली उघडताच ज्याचा फणा उभा राहतो तो नाग नाचत नव्हता. प्रत्येक खेळाच्या वेळी तो भ्यालेला होता.

देशावर सापडणाऱ्या मांडुळाचेही असेच आहे. त्याची शेपटी बोथट असते. संकटात तो डोके वेटोळ्यात लपवून शेपटी पुढे करतो, म्हणजे घाव शेपटीवर पडावा. शेतात पाहणारास ही त्याची युक्ती कळते. हातात धरून पाहणारांनी त्यास दुतोंड्या ठरविले, आणि त्या समजुतीवर आज त्याची चोरटी विक्री चालते.

कोंडणे अपरिहार्य असेल तेव्हा

साप कधीच कोंडू नये असे म्हटले तर आपलेच प्राण धोक्यात येतील, कारण सर्पदंशावरील औषध सापाच्या विषापासूनच होते. घोड्यास विषाच्या बेताच्या मात्रा टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष काढतात. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांच्या विषांवर चालते. परळ येथील ज्या संस्थेने हे काम आपल्या प्रांतात नावारूपास आणले, ती १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी जुन्या राजभवनात सुरू झाली व १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते. तेथील डॉ. पी. जे. देवरस यांनी भारतातील सापांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९६५ साली निघाला.

तामिळनाडूत महाबलीपुरमजवळ इरुळा या आदिवासी लोकांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. हे लोक पिढीजात साप धरणारे. ते धरलेला साप काचेच्या पेटीत न ठेवता मातीच्या मडक्यात ठेवतात व तोंडास कापड बांधतात. आत अंधार, गारवा व अंगास टेकणारी भिंत. म्हणजे बिळाचीच नक्कल झाली. तीन-चार आठवड्यांत काही वेळा विष काढून साप पुन्हा रानात सोडतात. सहकार्याने चालणाऱ्या आपल्या मंडळींस ही हकिकत विशेष वाटेल.

पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे यांनी काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसह ७२ तास काढून दाखविले. डिवचल्यावाचून साप चावत नाही, हे त्यांस सिद्ध करावयाचे होते. पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान त्यांच्याच प्रयत्नाने उभे राहिले. तो प्रयोग इतरांनी करावयाचा नव्हे. परंतु कोंडलेला सापही स्वस्थ राहू दिला तर स्वस्थ राहतो, हे त्यातून लोकांस दिसले.

कासव हाही सरपटणाऱ्या वर्गातलाच. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने व गावकऱ्यांनी समुद्रकासवांची अंडी राखण्याचे काम चालविले. कासवीण वाळूत सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद असा खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. कुंपणाच्या आत ती हलविताना खड्डा तिच्याच मापाने खणावा लागतो. अंडी लवकर न्यावी लागतात, आणि ती उलटी होऊ द्यावयाची नसतात, नाहीतर आतील जीव मरतो. वाळू अधिक उष्ण झाली तर माद्या अधिक निपजतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिले वर येतात. त्यांस पाण्यात नेऊन न टाकता वाळूवर सोडतात व आपल्या पायांनी समुद्राकडे चालू देतात. प्रत्येक नियम कासविणीस पाहून घेतलेला आहे. माणसाच्या सोयीने ठरविलेला एकही नाही.

बादलीतील ‘अजगर’

गतवर्षी कापणीच्या दिवसांत आमच्या शेजारच्या गावी पेंढ्यात एक जाड साप सापडला. तो धीमा, अंग आखडून पडलेला. म्हणून मुलांनी काठीने बादलीत घेतला व अजगराचे पिल्लू म्हणून अंगणात आणला. हलत नाही, म्हणजे गरीब, असे सर्वांचे मत पडले. एक मुलगा पाठीवरून हात फिरविण्यास वाकला होता. इतक्यात कापणीस आलेली एक म्हातारी ओरडली, “आरं, हात घालू नको! घोणस हाय ती!”

त्या म्हातारीचे शिक्षण म्हणजे चाळीस वर्षांची कापणी. पाठीवर साखळीसारखे ओळीने गेलेले लंबगोल ठिपके, त्रिकोणी डोके, आखूड शेपूट, ही चिन्हे तिने ओळखली. आणि घोणस पेंढ्यात निश्चल पडते ती गरीब म्हणून नव्हे, तर रंग मिसळून दिसेनाशी होण्यासाठी, हेही तिला ठाऊक होते. मुलांनी बादलीतला साप पाहिला होता. तिने पेंढ्यातला पाहिला होता. त्या दिवशी एका मुलाचा हात, कदाचित जीव, या फरकाने वाचला.

हा फरक क्षुल्लक नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांत खेड्यातील कष्टकऱ्यांचा भरणा मोठा. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशास दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले, आणि २०२४ साली केंद्र सरकारने त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला.

वाचकांसाठी धडा

१. साप पाळणे, पकडणे, मारणे अथवा त्याचा खेळ करणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. साप घरात आला किंवा जाळ्यात अडकला तर लांब राहून त्याजवर नजर ठेवावी व वन खात्यास १९२६ या क्रमांकावर त्याच वेळी कळवावे. आमच्याप्रमाणे दिवस दवडू नये.

२. तो येईपर्यंत जाळ्यातील सापावर दुरून सावली करावी व गर्दी हटवावी. दूध, अंडी काही देऊ नये.

३. जमिनीलगत नायलॉनचे जाळे ठेवू नये; खालची कड वीतभर वर उचलून बांधावी.

४. पेंढा उचलताना आधी काठीने हलवावा, पायात जाड पादत्राण असावे, अंधारात विजेरी असावी. मण्यार रात्री घरात फिरते व तिचा दंश झोपेत कळतही नाही. म्हणून भुईवर निजणारांनी मच्छरदाणी गादीखाली खोचावी.

५. दंश झाल्यास चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अंगठी-बांगड्या काढाव्या, तो अवयव हलू देऊ नये, आणि १०८ ची गाडी बोलावून प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावे. साप पकडून नेण्यात वेळ घालवू नये.

६. मुलांस साप शिकवावयाचा तर वही द्यावी व तीत पाच रकाने आखावे : तारीख व वेळ, ऊन की पाऊस, स्थळ, साप काय करीत होता, आपण किती दूर होतो. पाचवा रकाना सोडू नये. साप जे करतो त्यात आपल्या जवळ असण्याचा वाटा किती, हे त्यावरूनच कळते.

ज्या मुलाने आमच्याकडे तीन वाक्ये लिहिली होती, त्याला आम्ही पुढे बोलावून ती खोडावयास सांगितली व आमची चूक कबूल केली. गेल्या ज्येष्ठात त्याने आपली वही आणून दाखविली. शेवटची नोंद अशी होती : ‘सकाळी ८. ऊन. पोटखराब्यातील दगडावर धामण. काही करीत नव्हती. मी पंचवीस हात दूर.’

ही पाहणी शेतावर उभे राहून केलेली आहे, म्हणून आम्ही तिच्याखाली सही केली.